घट

पारोळ्याला, किल्ल्यामागच्या गल्लीत
पुंजूअप्पा विसपुते नळी तोंडात धरून बसलेत.
नाकाला चिमटा.
पाठीशी दोन उशा, तिसरी मी.

नळी निळ्या प्लास्टिकची, आत स्प्रिंग.
श्वास पुरेसा ओढला की झडप उघडते: टक्.
दर सोमवारी जळगावच्या बसने नसीमा तडवी येते,
स्प्रिंगचा आकडा फिरवून जाते.
नऊ. मागच्या महिन्यात अकरा होता.
सहा ओढायचे, थांबायचं. असं पाच वेळा.
दमवू नका, म्हणते,
यांचा दमलेला स्नायू परत कामावर येईलच असं नाही.

ओढायचं,
हेच अप्पांना आधी उमजेना.
पंचेचाळीस वर्षं त्यांनी फुंकलं होतं.
दिव्याची ज्योत आडवी वाकवून
पितळी फुंकणीच्या बाकातून
नथीच्या तारेवर, मोहरीएवढ्या डागावर नेमकी.
नाकाने घ्यायची, गालात ठेवायची, ओठांनी सोडायची,
ज्योत मध्येच तुटायची नाही.
त्यांच्या गालात कायम थोडी हवा शिल्लक असे,
शेजाऱ्याला उसनी देता येईल इतकी.

हात आधी गेले.
चिमट्यातून मणी सुटला, मोरीपर्यंत घरंगळला,
आम्ही तिघं गुडघ्यांवर शोधत होतो.
मग पाय. मग कळण्याची भाकरी.
डॉक्टर म्हणाले, मोटर न्यूरॉन.
अप्पा म्हणाले, भेसळीचं नाव कळून कस वाढत नाही.

नसीमाने छापील तक्ता दिलेला, चौकोनांचा.
तो त्यांनी बाजूला सारायला लावला.
दुकानाची लाल वही काढली.
मी आकडे म्हणत जाते,
बरोबर आकड्याला ते पापणी मिटतात:
सोमवार सकाळ. श्वास सव्वीस. वजन नऊ. घट चार.

घट म्हणजे आमच्यात नुकसान नव्हे.
दागिना घडताना जे कानशीला लागतं, राखेत जातं,
ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं असतं.
न सांगितली तर चोरी.

म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं,
तेव्हा शब्द निघायचे, तुटून तुटून:
"यानी... घट थांबी का, पोरी?"
ती रावेरकडची, अहिराणी तिला अर्धीच कळे.
हा अर्धा कळला.
थांबणार नाही, म्हणाली.
खोकल्यात जोर राहील, कदाचित.
रात्री कफ अडला तर बाहेर टाकता येईल, काही दिवस.
अप्पांनी मान हलवली,
सराफ्यात खऱ्या भावाला हलवतात तशी.

आता ओठ नळीभोवती मिटत नाहीत.
मी दोन्ही गालांना तळवे लावते,
हवा निसटते त्या कडेला बोट दाबते.
सातवीत होते तेव्हा त्यांनी माझे गाल असेच धरलेले.
पोरीच्या हाती फुंकणी कशाला, असं गल्लीत म्हणत.
माझी ज्योत विझली.
"जोर नको लावू," ते म्हणाले, "हवा सरू नको देऊ."

पाचवी फेरी, पहिला श्वास.
बाहेर जिनिंगचा ट्रक उलटा येतोय, पीं पीं.
कूलरमध्ये पाणी घालायचं राहिलंय.
ते ओढतात.
गळ्याखाली दोन खळगे पडतात,
मानेच्या शिरा तारेसारख्या.
झडप हलत नाही.
ओढतात.

मी करंगळीचं नख नळीवर मारलं.
टक्.

अप्पांनी डोळे उघडले.
रुपया दगडावर टाकून
आवाजावरून खरा-खोटा सांगणारा माणूस.
रागावले नाहीत. बघत राहिले फक्त.

चिमटा काढला, तोंड पुसलं, वही घेतली.
श्वास पंचवीस, म्हटलं. घट पाच.
पापणी हलेना.
पाच, अप्पा.
कूलरची घरघर.
मोरीजवळ मी सकाळी लोटलेला केर,
जो या घरात वर्षभर साठवून झारेकऱ्याला विकत,
कधी फेकत नसत.

सहा, म्हटलं.

मिटली.